प्रेमळ आग्रह

कणसं एकशे छप्पन्न होती. बावन्न मुलं, माणशी तीन. रूपचंदने ती तापीकाठच्या आपल्या शेतात स्वतः निवडली होती. दाणा नखाने दाबून दूध येतं का ते पाहिलं होतं, किडकी सतरा बाजूला काढली होती, आणि उरलेली दोन पोत्यांत भरून पोती गाडीने तळोद्यापर्यंत, तिथून एस.टी.च्या टपावर आणि शेवटी अक्कलकुव्याहून जंगलखात्याच्या जीपमध्ये ड्रायव्हरची मनधरणी करत वर मोलगीच्या अलीकडे, आश्रमशाळेच्या दारात आणून उतरवली होती. वडिलांनी इंजिनाच्या पाण्यावर मका लवकर लावला होता. इकडे डोंगरात मक्याला अजून तुरेसुद्धा नीट आले नव्हते. बासष्ट सालचा श्रावण होता आणि मुलांना तीन आठवडे तांबड्या ज्वारीची भाकरी आणि डाळ यांशिवाय काही मिळालं नव्हतं. स्वयंपाकीण सुगंधाबाईने कणसं मोठ्या पातेल्यात मीठ घालून उकडली. व्हरांडाभर वास सुटला. मुलं रांगेने बसली, थाळ्या वाढल्या गेल्या, श्लोक झाला. जेवणं आटोपल्यावर रूपचंदने उरलेलं मोजलं. एकशे सतरा कणसं जशीच्या तशी होती.

त्याला वाईट वाटलं हे खरं, पण वाईट वाटण्याच्या आधी त्याला त्या आकड्याने टोचलं. खाल्लेली एकोणचाळीस. तेरा मुलांनी तीन-तीन खाल्ली होती आणि एकोणचाळीस मुलांनी एकही नाही. एक खाल्लेला कोणी नव्हता, दोन खाल्लेला कोणी नव्हता. नावड असती तर आकडे असे पडले नसते, कोणी अर्धं टाकलं असतं, कोणी दुसऱ्याच्या थाळीत सरकवलं असतं. नावडीला चढउतार असतात. हे तर मधोमध सुरीने कापल्यासारखं होतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी पुण्याच्या प्रयोगशाळेत असा आकडा आला असता तर तो रात्रभर त्याच्याशी बसला असता. इथे मात्र समोर एकोणचाळीस मुलं मान खाली घालून बसली होती, कणसांची वाफ हळूहळू जात होती, आणि त्याला धुळ्याचं शिबिर आठवलं. दोन वर्षांपूर्वी तो इथे गृहपती म्हणून आला तेव्हा नव्या गृहपतींसाठी तीन आठवड्यांचं शिबिर झालं होतं. सायक्लोस्टाइल केलेली बत्तीस पानं प्रत्येकाला मिळाली होती आणि त्यातलं अकरावं पान त्याने लाल पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं: वनवासी विद्यार्थी नव्या आहारास प्रथम नकार देतो, अशा वेळी गृहपतीने प्रेमळ आग्रह करावा. त्याच पानावर खाली होतं, पालकांच्या वारंवार भेटींनी विद्यार्थी अस्थिर होतो; भेट महिन्यातून एकदा, तीही कुंपणाबाहेर. ते वाक्य त्याने अधोरेखित केलं नव्हतं, पण पाळलं होतं.

त्याने एक कणीस उचललं, दाणे तळहातावर सोलले आणि रांगेच्या टोकाला बसलेल्या दिवाल्यासमोर उकिडवा बसला. दिवाल्याच का, याला काही कारण नव्हतं, किंवा होतं. चौथीतला हा मुलगा गणितात एकटा असा होता की उत्तर सांगण्याआधी हसायचा. रूपचंदला वाटलं, हा खाईल, आणि हा खाल्ला की बाकीचे खातील. तो म्हणाला, "घे बाबा, माझ्या शेतातलं आहे." दिवाल्याने मान हलवली. रूपचंदने घास त्याच्या तोंडाशी नेला. मुलाने तोंड उघडलं. चार घास त्याने चावले आणि गिळले. बाकीचे अडतीस जण बघत होते आणि कोणीही कणसाला हात लावला नाही. रूपचंद उठला तेव्हा त्याच्या मनात एक प्रकारची ऊब होती. खोलीत जाऊन त्याने दैनंदिनीत लिहिलं: नवीन आहार दिला. एका विद्यार्थ्याने आग्रहानंतर आनंदाने खाल्ले.

दुसऱ्या दिवसापासून दिवाल्या जेवेना. मका तर सोडाच, भाकरीही नाही. पाणी प्यायचा, थाळीसमोर बसायचा, फार तर डाळीचं पाणी घ्यायचा, उठायचा. ताप नव्हता, जिभेवर पांढरं नव्हतं, पोट मऊ होतं. रूपचंद दर सोमवारी सगळ्यांची वजनं घेई. कोठारातला स्प्रिंगचा काटा दाराच्या कडीला टांगून, खाली गोधडीची झोळी करून. आषाढात दिवाल्या त्रेपन्न पौंड होता. त्या सोमवारी पन्नास भरला. दवाखान्यातल्या कंपाउंडरने जंत म्हणून पुडी दिली. पुडी पोटात गेली पण जंत पडले नाहीत. पुढच्या सोमवारी काटा सत्तेचाळीसवर आला आणि रूपचंदने झोळी उतरवताना मुलाच्या बरगड्या गोधडीतून हाताला लागल्या तशा लागू दिल्या, मोजल्याही, आणि मग आपण बरगड्या मोजतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा हात मागे घेतला. काय चुकतंय ते त्याला शोधायचं होतं. मूल आपल्या देखरेखीखाली वाळत चाललं आहे, आणि आणखी एकदोन आठवडे असंच गेलं तर काय होईल, याचं गणित करायला बी.एस्सी. लागत नव्हतं. तो दिवसा दिवाल्याच्या मागे चोरट्यासारखा फिरू लागला. मुलगा कुठे उलटी करतो का, माती खातो का, कोणाकडून काही घेतो का. काही नव्हतं. दिवाल्या वर्गात बसे, बेरजा करी, उत्तर बरोबर देई. फक्त उत्तराआधी हसत नसे.

जे कळलं ते इसहाककडून. सातवीतला हा नवापूरकडच्या डोंगरातला मुलगा, ख्रिस्ती घरातला, त्या तेरांपैकी एक. विहिरीवर तो बादली ओढत होता आणि रूपचंदने सहज, खरं तर सहज नव्हे, विचारलं, "इसहाक, तुम्ही तेरा जणांनीच कणसं का खाल्ली रे?" इसहाकने बादली कठड्यावर ठेवली. "आमच्यात नाही ना सर ते. त्यांची नवाई झाली नाही." मग मास्तरांना काहीच ठाऊक नाही हे बघून त्याने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. नवं पीक आलं की गाव एक दिवस ठरवतं. त्या दिवशी पहिलं कणीस, पहिली भाजी देवाला आणि घरातल्या मेलेल्या माणसांना ठेवायची, मग जित्यांनी खायची. त्याआधी कोणी खात नाही, उपाशी असला तरी. "आमच्या आजीच्या वेळी आमच्यातही होती. आता नाही. दिवाल्याची आई माघात गेली ना सर. यंदाच्या नवाईला पहिलं कणीस तिचं होतं. ती गेल्यानंतरची ही पहिली." बादलीतलं पाणी अजून हलत होतं. रूपचंद म्हणाला, "मग मला कोणी सांगितलं का नाही?" इसहाक म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही, सर." त्यात उद्धटपणा नव्हता. प्रश्नाला उत्तर होतं, एवढंच.

तो विहिरीवरून निघाला तो स्वयंपाकघराकडे जायच्या ऐवजी मागे नाल्याकडे गेला आणि बराच वेळ उभा राहिला. त्याला पुण्याचं वसतिगृह आठवलं, आणि आठवायचं नव्हतं ते नेमकं आठवलं. आई, रुक्मिणीबाई, एकदाच पुण्याला आली होती, गावातल्या कोणाच्या तरी सोबतीने, अंबाडीच्या भाजीचा आणि कळण्याच्या भाकरीचा डबा घेऊन. पहारेकऱ्याने तिला फाटकाशी बसवलं आणि वर निरोप पाठवला. निरोप आला तेव्हा रूपचंद खानावळीच्या रांगेत होता. रांगेत पुढे दोन मुलं होती, मागे एक डॉक्टरचा मुलगा होता जो इंग्रजीत काहीतरी विनोद सांगत होता, आणि खाली फाटकाशी लाल काठाचं लुगडं गुडघ्यावर ओढून बसलेली बाई आपली आई आहे हे त्या विनोदाच्या मध्ये सांगायची त्याला सोय दिसली नाही. तो जेवला. सावकाश, ताक पिऊन जेवला. मग खाली गेला आणि म्हणाला, प्रयोग चालू होता, सोडता येत नव्हता. आई म्हणाली, "व्हई बा, व्हई," आणि डबा उघडला. ती सकाळपासून जेवली नव्हती, दोघं मिळून जेवू म्हणून. तो भरल्या पोटावर अर्धी भाकरी जेवला. तिला कळलं होतं का, हे त्याला आजपर्यंत ठरवता आलं नव्हतं. आई आली होती तेव्हा तो आधी जेवला होता, एवढी एक गोष्ट होती, आणि ती मोजण्यासारखी नव्हती म्हणून त्याने कुठे लिहिली नव्हती.

सुगंधाबाई चुलीपुढे बसून डाळ निवडत होती. नंदुरबारकडची बाई, बोलायला फटकळ. रूपचंदने विचारलं, "तुम्हाला नवाई माहीत होती?" ती म्हणाली, "चार वरीस व्हयनात मी आठे शे. सरावनमा आपन नवं काही रांधतच नही. माले वाटनं, तुमले माहीत व्हई." "मग कणसं उकडली कशाला?" "तुम्ही हौसखाल पोता लई उनात, मी कसाले बोलू? शिकेल माणूसले कोन सांगी?" ती सूप झाडत होती आणि हसत नव्हती. दगा, शाळेचा शिपाई, दारात विडी विझवत म्हणाला, "मास्तर, धुळे मा सांगं नही का तुमले? तीन आठवडा काय शिकाडं मंग?" रूपचंदला राग यायला हवा होता. आला तो वेगळ्याच गोष्टीचा: हे चार वर्षं या स्वयंपाकघरात होतं, ताकाच्या मडक्यासारखं, आणि त्याने बत्तीस पानांत शोधलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी त्याने दैनंदिनी उघडली. आनंदाने. तो शब्द त्याच्या अक्षरात होता, वळणदार, शाई थोडी जास्त झालेला. त्याने तो प्रसंग पुन्हा मनात आणला, जसा प्रयोग पुन्हा करतात तसा, काही गाळायचं नाही असं ठरवून. उकिडवा बसणं. तळहातावर दाणे. माझ्या शेतातलं आहे. मुलाने मान हलवली. मग, आणि इथे आठवण दोनदा घसरली, मग मुलाने तोंड उघडलं. तोंड उघडलं कसं? रूपचंदचा उजवा हात दाण्यांनी भरलेला होता. डावा हात कुठे होता? डावा हात मुलाच्या हनुवटीखाली होता. अंगठा एका गालावर, बोटं दुसऱ्या गालावर, जिथे दाबलं की जबडा आपोआप सुटतो, गाईला औषध पाजताना वडील धरत तसा. किती जोराने? फार नाही. बोटांची खूण उठली नव्हती. पण तोंड उघडण्याइतक्या जोराने. मुलाने चार घास गिळले ते चावून की तसेच, हे त्याने पाहिलं नव्हतं. तो अडतीस मुलांकडे बघत होता, परिणाम झाला का ते पाहण्यासाठी. शब्द खोडावा म्हणून त्याने टाक बुडवला आणि मग तसाच ठेवला, कारण खोडायचं तर वर काहीतरी लिहावं लागलं असतं.

बाजाराच्या दिवशी सकाळी दगा आला. "मास्तर, नालाना पल्याड दगडवर बठेल शेतस. आठ जन. तुमले मोजेल लागस म्हनीसन मोजी उनू." डोंगरातली माणसं बाजाराला उतरली की नाल्यापलीकडच्या काळ्या खडकावर बसत, कुंपणाकडे तोंड करून. आपलं मूल पाणी भरायला बाहेर आलं तर दिसे. नाही आलं तर उठून बाजाराला जात. महिन्यातून एकदा भेट, म्हणून बाकीच्या तीन बाजारांना ती तिथे बसत. ओरडत नसत, हात करत नसत. रूपचंदने हे दोन वर्षं खिडकीतून पाहिलं होतं आणि त्याला ती शिस्त वाटली होती. त्याने विचारलं, "दिवाल्याचा बाप आहे?" "शे ना. नवलसिंग. टोकले बठेल शे तो."

रूपचंद स्वतः नाला ओलांडून गेला. पाणी घोट्याच्या वर होतं, वहाण हातात घ्यावी लागली. आठही माणसं उठून उभी राहिली, बाया थोड्या मागे सरल्या. नवलसिंग पन्नाशीतला वाटत होता, असेल पस्तीसचा. कमरेला धारिया, रुंद पात्याचा कोयता, खांद्यावर बाजाराला न्यायची कोंबडी, पाय बांधलेली. बाजारापुरती अहिराणी त्याला येत होती. रूपचंदने त्याला फाटकातून आत आणलं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवलं. शाळेच्या इतिहासात बाप आत आल्याची ही पहिली वेळ असावी. कोंबडी ओट्याच्या कडेला बसून डोळे मिटत होती. सुगंधाबाईने न सांगता चहा टाकला. नवलसिंग म्हणाला, "पोऱ्या भाकर खास नही, आसं ऐकं." मग जमिनीकडे बघत, "त्यानी मका खादा, आसं बी ऐकं. चोरीसन खादा का?"

इथे रूपचंदला एक वाट दिसली. ती अगदी सरळ होती आणि एका क्षणात पूर्ण दिसली. मूल होतं, भूक होती, वास होता, इतकं म्हटलं तरी बाप काही बोलणार नव्हता. मान हलवून मुलाला घरी नेणार होता, आणि चोरून खाण्याचं जे काही प्रायश्चित्त असेल ते मुलाच्या नावावर जाणार होतं. दैनंदिनीत तर तसंच होतं, आनंदाने. आणि त्याच्या हेही लक्षात आलं की दिवाल्याने कोणाला सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस तो ते स्वतःवर घेऊन बसला होता. रूपचंदला वाटलं, आपण मराठीत बोललो तर सांगता येणार नाही. मराठीत त्याच्याकडे फार शब्द होते. तो म्हणाला, "नही. मी खवाडं. मन्हा हातवरी."

नवलसिंगने वर पाहिलं. "तू?"

"हा."

"जबरीनी?"

प्रेमळ आग्रह, हे बाजाराच्या भाषेत कसं सांगायचं ते रूपचंदला सुचेना. त्याने क्षणभर शोधलं. सुगंधाबाई चहा गाळता गाळता थांबली होती. मग तो म्हणाला, "जबरीनी."

नवलसिंगने चहा घेतला, बशीत ओतला, प्यायला. रूपचंद त्याच्या कमरेच्या धारियाकडे बघत नव्हता हे त्याला स्वतःलाच जाणवत होतं. शेवटी नवलसिंग म्हणाला, "पोऱ्यानी खादं आसतं ते त्यानं. तू खवाडं ते तुन्हं." आणि मग, बाजाराचा काही व्यवहार ठरवावा तसं, "आते चाल. डायाले सांग. मी सांगू ते कोन मानी?" डाया म्हणजे पाड्यातला म्हातारा, ज्याच्या शब्दावर गाव चालतं. सुगंधाबाई म्हणाली, "जाय मास्तर. मी पोरेसले भाकर दिसू, तुम्ही नही ते काय चूल पेटाव नही?"

पाडा दोन तासांच्या चढावर होता. दिवाल्या पुढे, बाप मधे, रूपचंद मागे. मुलगा मागे वळून बघत नव्हता. पंधरा दिवसांच्या उपाशी अंगाने तो चढत होता आणि रूपचंदलाच धाप लागत होती. रस्त्यात मक्याची शेतं लागली, उतारावर, दगडांच्या मधल्या मातीत, कमरेइतकी. कणसं कोवळी, केस अजून हिरवे. भर श्रावणात कोणी एक मोडलं असतं तरी कोणाला कळलं नसतं. एकही मोडलेलं नव्हतं. रूपचंदने दोन्ही बाजूंनी पाहिलं, आणि मोजायला लागला, आणि सोडून दिलं. मोडलेलं नसणं मोजता येत नाही.

डाया झोपडीबाहेर खाटेवर बसला होता, एका डोळ्यात फूल पडलेला, पायाला गुंडाळलेली चिंधी. नवलसिंगने सगळं त्यांच्या भाषेत सांगितलं. रूपचंदला त्यातला आपला उल्लेख तेवढा कळला, कारण तेव्हा म्हाताऱ्याने चांगला डोळा त्याच्याकडे फिरवला. मग म्हाताऱ्याने एक प्रश्न विचारला आणि नवलसिंगने तो अहिराणीत आणला: "तुन्हा वावरमा पहिलं कनीस कोनले देतस?" रूपचंद म्हणाला, "आमच्यात नवाई नाही." म्हाताऱ्याने मान हलवली, ते त्याला विचारायचं नव्हतं. प्रश्न तोच पुन्हा आला. पहिलं कणीस कोणाला?

आणि तेव्हा रूपचंदला आठवलं की कणसं एकशे छप्पन्न नव्हती. निवडलेली एकशे छप्पन्न झाली तेव्हा आई शेताच्या बांधावरून आली होती आणि ढिगातलं एक, सगळ्यांत भरदार असं, काही न बोलता उचलून पदरात घेऊन गेली होती. त्याला राग आला होता, कारण बावन्नला तीनने गुणलं तर एकशे छप्पन्नच यायला हवेत. तो पुन्हा मक्यात शिरला होता आणि एक मोडून आणलं होतं. आईने ते कणीस कोणासाठी नेलं, हे त्याने विचारलं नव्हतं. देव्हाऱ्यात? वडिलांच्या वडिलांच्या फोटोपुढे? बियाण्याला? चोवीस वर्षं एका घरात राहून त्याला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "माले माहीत नही. मायले इचारनं पडी."

नवलसिंगने सांगितल्यावर म्हातारा हसला, दात नसलेलं हसू, आणि ओट्यावरच्या दोन म्हाताऱ्या बायाही हसल्या. "इचार मंग," नवलसिंग म्हणाला. "डाया म्हनस, बी.ए. पास शे आनि मायले इचारं नही." रूपचंदला बी.एस्सी. म्हणून दुरुस्त करावंसं वाटलं आणि त्याने केलं नाही. म्हाताऱ्याने मोहाची दारू पानाच्या द्रोणात घेतली, जमिनीवर थोडी सांडली, काही पुटपुटला. दिवाल्याला समोर बोलावून त्याच्या डोक्यावरून पाण्याचा हात फिरवला. मग निकाल दिला, आणि नवलसिंगने तो एकेक बोट मोडत सांगितला. मुलाचं काही नाही. मुलगा जुनं धान्य खाईल, आजपासून, घरी. नवाई अकरा दिवसांनी. दिवस त्याआधी येणार नाही, कोणासाठीही. मुलगा त्याआधी शाळेत येणार नाही. आणि मास्तर तोपर्यंत नवं खाणार नाही. "मी घरी दोन खाल्ली आहेत," रूपचंद म्हणाला. "बस," नवलसिंग म्हणाला, "आते तिसरं नको." पुन्हा सगळे हसले. दिवाल्या हसला नाही. तो बापाच्या मागे खाटेचा पाय धरून उभा होता. रूपचंद निघताना म्हणाला, "दिवाल्या, येतो रे मी." मुलाने बापाच्या पाठीत तोंड लपवलं, लहान मूल लपवतं तसं, तो लहानच होता.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात रूपचंदने दैनंदिनीतला शब्द खोडला. वर लिहिलं: जबरीने. बाजूला सही केली आणि तारीख घातली. खाली लिहिलं की विद्यार्थी अकरा दिवस गैरहजर राहील, गृहपतीच्या परवानगीने, आणि कारण चार ओळींत जसं होतं तसं दिलं. वरच्या कार्यालयात हे वाचलं जाईल आणि विचारलं जाईल हे त्याला माहीत होतं. शिबिरातले साहेब तपासणीला आले की कणसांचं सगळं सांगावं लागेल, आणि ते म्हणतील, तुम्ही अंधश्रद्धेला उत्तेजन देता. त्यावर काय म्हणायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. मुलगा येईल का हेही ठरलेलं नव्हतं. डोंगरात एकदा वर गेलेलं मूल परत येत नाही, अशी तीन नावं हजेरीपटावर लाल रेघेखाली होतीच, आणि प्रत्येकापुढे कारण लिहिलेलं होतं: पालकांची अनास्था. त्या तिघांना काय खायला घातलं होतं, हे आता कळण्याचा मार्ग नव्हता.

पुढच्या बाजारी त्याने खडकावरच्या सगळ्यांना आत बोलावलं. आली एकवीस. ओट्यावर मावेनात म्हणून अंगणात घोंगडी टाकली. दोन्ही शिक्षक, सुगंधाबाई आणि दगा यांना त्याने समोर बसायला सांगितलं, खुर्चीवर नव्हे, खाली. शिक्षकांपैकी एकजण कुजबुजला की हे आपल्याला शिकवणार का. सुगंधाबाई म्हणाली, "गुपचूप बठ. माले इचारू दे." आणि विचारायला लागली, तिच्या पद्धतीने, भांडल्यासारखी. तुन्हा गावनी नवाई कव्हय? भाजी बी नही का? भोपळा चालस का? काकडी? एक बाई लाजत म्हणाली की भोपळ्याचा वेल शिवायचाही नाही. दुसऱ्या पाड्यातला एकजण म्हणाला, आमच्यात शिवलं तर चालतं. यावरून दोघांत जुंपली आणि सगळे हसायला लागले. सात पाडे, सात वेगळे दिवस, तेही पाऊस कसा पडतो त्यावर. रूपचंदने कागदावर रेघा ओढून तक्ता केला आणि तो तासाभरात तीनदा खोडावा लागला. एका बाईने विचारलं की मूल आजारी पडलं तर आम्हाला कळवता का. दगा म्हणाला, कळवतो. ती बाई म्हणाली, मागच्या वर्षी नाही कळवलं. ती शांतपणे म्हणाली. मीनाबाई तिचं नाव. तिचा मुलगा रांगेत कुठे बसतो, हे रूपचंदला आठवेना, आणि तो लाल रेघेखालच्या तिघांपैकी आहे, ती नुसती इतरांसोबत आली आहे, हे नंतर लक्षात आलं. नवलसिंग त्या बाजाराला आला नव्हता.

अकरावा दिवस गेला. बारावा गेला. रूपचंदने वर जावं की नाही याचा विचार केला. कोणी बोलावलं नव्हतं. तो जेवताना ताटाकडे बघे. ताटात नवं काही नव्हतं, सुगंधाबाईने पडवळ आणलं होतं ते तिने गायीला घातलं होतं. घरी त्याने पत्र टाकलं होतं, आईला वाचून दाखवा म्हणून, कणसाबद्दल विचारून. उत्तर आलं नव्हतं. पोस्ट तळोद्याला पोचायलाच चार दिवस लागत. झोप लागेपर्यंत त्याचा डावा हात त्याला जड वाटे. त्या हाताने तो फळ्यावर लिहीत नसे, जेवत नसे, फक्त वही धरायचा. तरी जड वाटे.

सोमवारी दुपारी, वजनांच्या वेळी, नवलसिंग फाटकातून आत आला. त्याने परवानगी विचारली नाही आणि दगाने अडवलं नाही. मागे दिवाल्या होता, डोक्याला तेल लावलेलं, गळ्यात नवा काळा दोरा. नवलसिंगने कंबरेचं फडकं सोडून एक कणीस काढलं, भाजलेलं, बुटकं, डोंगरातलं, आणि रूपचंदच्या हातात दिलं. "आते खाय," म्हणाला. रूपचंदने ते घेतलं. रांगेतली मुलं बघत होती. दिवाल्या बघत नव्हता. तो दाराच्या कडीला टांगलेल्या काट्याकडे बघत होता. रूपचंदने त्याला उचलायला हात पुढे केला तसा मुलगा एक पाऊल मागे सरला. रूपचंदने हात खाली घेतला. सुगंधाबाईने पदर खोचला, "ये रे भाऊ, मी उचलस," म्हणून मुलाला काखेत धरून झोळीत ठेवलं आणि बाजूला झाली. झोळी थोडी हेलकावली. रूपचंद काट्याजवळ गेला, हेलकावा थांबेपर्यंत थांबला आणि वाचला. एकोणपन्नास पौंड. अकरा दिवसांच्या रजेआधी होतं त्यापेक्षा दोन पौंड जास्त, आषाढात होतं त्यापेक्षा चार पौंड कमी.